पोटाचा हात, बोटाचा हात

तिला सगळे कात्री म्हणत. केस कापायचं दुकान तिचं, त्यामुळे हातात कात्री होतीच. पण नाव पडलं ते तोंडामुळे. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की केसांबरोबर त्याच्या साहेबाची, मेव्हण्याची आणि शेवटी खुद्द त्याचीही भादरपट्टी व्हायची. माणसं पुन्हा पुन्हा यायची ती निम्मी केसांसाठी आणि निम्मी ऐकून घ्यायला. अशी ही बाई एका सकाळी आपल्याच दुकानाच्या दाराशी उभी राहून रडत होती.

किल्ली फिरत नव्हती. कुलपाला काही धाड भरलेली नव्हती, किल्लीही रोजचीच, बोटंच ऐकेनात. बरेच दिवस हे चाललं होतं. सकाळी उठलं की मूठ वळायची नाही, चिमटीत काही धरता यायचं नाही, बोटांची मुळं टम्म वाटायची. दुपारकडे हात हळूहळू सैल व्हायचे. मग ती झपाट्यानं कामं उरकायची आणि स्वतःला सांगायची, गेलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी उजाडलं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

लपवण्यात मात्र ती पटाईत. निघायच्या आधी गरम पाण्यात हात बुडवून बसायचं. सकाळच्या गिऱ्हाइकाला आधी वर्तमानपत्र द्यायचं, वाचून होईपर्यंत बोटं चोळायची. केस वर धरून ठेवायचे चाप दाबता येईनात, तेव्हा तिनं ते खणात टाकले आणि ‘हल्ली चाप लावतच नाहीत’ असं बिनदिक्कत ठोकून दिलं. गिऱ्हाइकांना खरं वाटलं. कात्री सांगतेय म्हणजे असणारच.

पण गाण्याच्या मास्तरांना काही ठोकून देता आलं नाही. त्यांचे केस ती वर्षानुवर्षं कापत होती. त्या दिवशी एका कानावर केस वर गेले आणि दुसऱ्या कानावर खालीच राहिले. मास्तरांनी आरशात पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, ‘‘माझी मानच वाकडी झाली असेल गं. वय झालं.’’ एवढी वर्षं सरळ होती ती मान! ते गेल्यावर ती मटकन खुर्चीत बसली. रागावले असते तर परवडलं असतं.

घरी बोलायची सोय नव्हती. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस सोन्यासारखा, पण त्याचा हिशेब सोपा: बटण दाबलं, लिफ्ट वर गेली, म्हणजे लिफ्ट ठीक. सासूबाईंची तऱ्हा निराळी. त्यांची बोटं कधीचीच करंगळीच्या बाजूला कललेली होती, पण बोलणं सरळसोट. ‘‘हात म्हटले की दुखायचेच,’’ त्या म्हणायच्या. ‘‘मी आयुष्यभर या हातांनी राबले. कधी हूं का चूं केलं का?’’ यावर काय बोलणार? सासूनं ‘मी नाही केलं’ म्हटलं की सुनेचा अर्धा खटला तिथेच खारीज होतो.

नेहमीच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला. स्वच्छ. रक्त तपासलं, त्यात संधिवाताचं म्हणून जे बघतात तेही निघालं नाही. नवरा म्हणाला, ‘‘एक्सरे स्वच्छ, रक्त स्वच्छ. आता तेवढं मन स्वच्छ ठेव.’’ जीव लावूनच म्हणाला तो, पण लागलं ते लागलंच.

शेवटी ती कुणाला न विचारता सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी हातात हात घ्यावा तशी तिच्या बोटांची मुळं बाजूनं हलकेच आवळली. ती खुर्चीतून उडालीच.

‘‘एक्सरे स्वच्छ आहे हो,’’ तिनंच आधी सांगून टाकलं.

‘‘असेना. एक्सरेत हाड दिसतं. हाडाला खड्डा पडला की तो सांगतो, खड्डा पडला. पडायच्या आधी काय शिजतंय, ते त्याला कळत नाही. सांध्याच्या आत पातळ अस्तर असतं. एक संधिवात असा असतो की शरीर स्वतःच्याच अस्तरावर उठतं. अस्तर सुजतं, त्यात रक्त धावायला लागतं आणि पुढे ते हाड खातं. रक्ताच्या तपासणीत तो दर वेळी सापडतोच असं नाही. पण आता सापडला तर औषधानं आवरता येतो. खाल्लेलं हाड मात्र कुठलंच औषध परत आणून देत नाही.’’

‘‘आणि माझी कात्री?’’

‘‘ती राहते की जाते, ते आत्ताच ठरायचंय. हाताची सोनोग्राफी करून या. त्यात काही निघालं नाही, तर सहा महिन्यांनी भेटू.’’

रात्रीच्या जेवणाला तिनं विषय काढला. ‘‘उद्या सोनोग्राफी करायची आहे.’’

सासूबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी आधी सुनेच्या पोटाकडे पाहिलं आणि मग मुलाकडे असं काही पाहिलं, की तो बिचारा उगीचच लाजला.

‘‘अहो आई, हाताची!’’

‘‘हाताची?’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘हातात काय मूल आहे?’’

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा तिला घेऊन गेला. बाहेरच्या बाकांवर ओळीनं पोटुशा बायका बसलेल्या. एकीनं सरकून जागा दिली आणि हळूच विचारलं, ‘‘कितवा?’’ कात्रीनं हात पुढे केला आणि म्हणाली, ‘‘दोन्ही.’’

आता इथे तिनं केलेला एक शहाणपणा सांगायला हवा. पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं, तसे तिनं हात आवरून ठेवले होते. दुखायची गोळी घेतली होती, गरम पाण्याचा शेक घेतला होता, वर क्रीमही चोळलं होतं. मोठ्या डॉक्टरकडे जायचं, तर असे आखडलेले हात घेऊन कसं जायचं?

सोनोग्राफीच्या डॉक्टरबाई ठेंगण्या, केस मानेवर कसेबसे बांधलेले. (कात्रीनं मनातल्या मनात ते कापूनही टाकले.) सकाळपासून एकामागून एक पोटं बघून त्या दमल्या होत्या, पण ‘या, बसा’ म्हणाल्या ते हसून. तिचा हात टेबलावर घेतला, थंडगार जेली लावली आणि इस्त्रीएवढंही नाही असं ते यंत्राचं टोक बोटांच्या मुळांवर ठेवून फिरवलं.

‘‘इथे दुखतं?’’

‘‘आत्ता फारसं नाही,’’ ती म्हणाली. गोळी काय फुकट घेतली होती?

रिपोर्ट आला: सांध्यांत रक्तप्रवाह वाढलेला नाही. विशेष काही नाही.

‘‘सुटलो बुवा!’’ नवरा म्हणाला आणि वाटेत तिला तिच्या आवडीच्या रंगाचा स्कार्फ घेऊन दिला. घरी सासूबाईंनी रिपोर्ट ऐकून मान हलवली. ‘‘मी म्हणत नव्हते?’’

आजार नाही म्हटल्यावर माणसानं खरं तर नाचावं. कात्रीला मात्र भर बाजारात चोर ठरवल्यासारखं झालं. दुखतंय तर खरं, आणि एक्सरे, रक्त, सोनोग्राफी, नवरा, सासू सगळे नाही म्हणतायत. मग खोटं कोण बोलतंय? तीच. आळशी असेल ती, रडतराऊत असेल. तिनं ठरवून टाकलं: आता शब्द काढायचा नाही. गोळी घ्यायची, काम करायचं, आणि ज्या दिवशी कात्री हातातून गळून पडेल त्या दिवशी दुकानाला टाळं लावायचं. तो दिवस फार लांब नाही, हेही तिला ठाऊक होतं. दुसऱ्या सकाळी ती दुकानात इतकी गप्प होती, की खुर्चीतल्या गिऱ्हाइकानं घाबरून विचारलं, ‘‘माझं काही चुकलं का?’’

तेवढ्यात फोन वाजला.

‘‘काल तुमच्या हाताची सोनोग्राफी झाली ना, ती माझ्याकडून चुकली,’’ पलीकडचा आवाज म्हणाला. ‘‘मी डॉक्टर बोलतेय.’’

आधी तिला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. डॉक्टर आणि स्वतःहून फोन? वर चुकीची कबुली? आज सूर्य कुठून उगवला, म्हणून तिनं खरोखर खिडकीबाहेर पाहिलं.

‘‘घरी जायच्या आधी मी दिवसाची चित्रं पुन्हा बघते,’’ डॉक्टरबाई सांगत होत्या. ‘‘तुमच्या सांध्याचं अस्तर मला जाड वाटलं. मग त्यात रक्त का दिसू नये? नीट पाहिलं तर मी यंत्र दाबून धरलं होतं. सगळी सकाळ पोटं बघितली. पोट बघायचं तर दाबावंच लागतं, त्याशिवाय आतलं दिसत नाही. तोच पोटाचा हात मी तुमच्या बोटाला लावला. बोटाच्या सांध्यातल्या शिरा केसासारख्या. जरा दाबलं की रक्त पळतं आणि चित्र म्हणतं, सगळं छान आहे. आणि हो, तुम्ही दुखायची गोळी घेऊन आला होतात का?’’

‘‘घेतली होती. म्हटलं, तुमच्याकडे यायचं तर जरा बरे हात घेऊन यावं.’’

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. ‘‘अहो, तुम्ही गोळीनं दाबलंत, मी यंत्रानं दाबलं. बिचारी सूज दिसणार कुठून? सांध्यांच्या डॉक्टरांनाही मी कळवलंय, तो रिपोर्ट धरू नका म्हणून. आजपासून गोळी नको. परवा सकाळी या, पहिला नंबर तुमचा. गरम पाणी नको, क्रीम नको. जशा उठाल तशा या.’’

कात्री फोन हातात धरून उभी राहिली. चूक कुणाच्या हातून होत नाही? पण ही चूक कुणाला कळणारही नव्हती. रिपोर्ट गेला होता, माणसं खूश होती, सहा महिने कुणी विचारायला येणार नव्हतं. दिवसभर पोटं बघून पाठ मोडलेली बाई घरी जायचं सोडून एका अनोळखी बाईची बोटं पुन्हा बघत बसते, आणि सकाळी उठून सांगते की मी चुकले! अशा माणसाच्या पाया पडावं की त्याला मिठी मारावी, हे तिला कळेना. तिनं खुर्चीतल्या गिऱ्हाइकालाच विचारलं.

‘‘आधी माझी दुसरी बाजू कापा,’’ तो म्हणाला.

घरी नवरा कुरकुरला. ‘‘एकदा ठीक म्हणाल्या ना? मग खाजवून खरूज कशाला काढायची?’’ पण तरी तो येणार होता. नेमकी त्याच सकाळी कुठेतरी माणसं लिफ्टमध्ये अडकली आणि तो हातात बूट घेऊनच पळाला. इकडे गोळी बंद केल्यानं कात्रीची बोटं लाकडासारखी झालेली. सदऱ्याचं बटण लागेना. सासूबाई तणतणत मदतीला आल्या. त्यांच्या कललेल्या बोटांत बटण सापडेना. एक बटण धरतेय तर दुसरीच्या हातून काज सुटतंय. दोघींचे मिळून चार हात, पण एका बटणाला पुरे पडेनात! शेवटी दोघी हसत सुटल्या आणि सासूबाई म्हणाल्या, ‘‘चल, मीच येते. तिथे दार तरी कोण उघडणार तुला?’’ दार दोघींनी मिळून खांद्यानं ढकललं.

खोली उबदार होती, दिवे मंद. डॉक्टरबाईंनी आज जेलीही कोमट करून ठेवली होती. कात्रीचा हात त्यांनी उशीवर ठेवला, बोटं सैल सोडायला सांगितली आणि जेलीचा हा एवढा ढीग घातला. मग आपली करंगळी टेबलावर टेकवली, त्या करंगळीवर सगळा भार घेतला आणि यंत्राचं टोक जेलीवर नुसतं तरंगत ठेवलं. कात्रीला बोटावर काही लागलंसुद्धा नाही. आयुष्यभर लोकांच्या कानांभोवती कात्री चालवलेली बाई ती, हलका हात काय असतो ते तिला कळायचं. तिच्या तोंडून आपसूक निघालं, ‘‘वा!’’

‘‘पडद्यावर सगळ्यात वर हा काळा पट्टा दिसतोय? ती नुसती जेली आहे. हा पट्टा दिसतोय म्हणजे मी दाबत नाहीये. मागच्या चित्रात तो नव्हता. यंत्र थेट कातडीला भिडलं होतं.’’ डॉक्टरबाईंनी एक बटण दाबलं. ‘‘आता बघा हं.’’

राखाडी चित्रात बोटाच्या मुळाशी लाल ठिणगी उडाली. मग दुसरी. मग सांध्याच्या पोटात सगळीकडे लालकेशरी काहीतरी लुकलुकायला लागलं, तिच्या नाडीच्या ठेक्यावर.

‘‘हे काय आहे?’’ कात्रीनं विचारलं.

‘‘तुमचं दुखणं.’’

आणि ती रडली. दाराशी रडली होती तसं नाही. हे रडणं वेगळं. आजार निघाला म्हणून रडावं की खोटी ठरले नाही म्हणून हसावं, काही कळत नव्हतं, म्हणून दोन्ही चाललं होतं. डॉक्टरबाईंनी तिला मनसोक्त रडू दिलं, फक्त म्हणाल्या, ‘‘हात तेवढा हलवू नका.’’

मग त्यांनी यंत्र किंचित दाबून दाखवलं. ठिणग्या विझल्या. चित्र राखाडी, शांत, अगदी सोज्वळ. हात उचलला, ठिणग्या परत. दाबलं की गायब, सोडलं की हजर. सासूबाई मागे खुर्चीत बसल्या होत्या, त्या पुढे वाकून बघायला लागल्या.

‘‘आजाराला नाव सांध्यांचे डॉक्टर देतील,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘‘पण सूज खरी आहे, भरपूर आहे. आणि ही पांढरी रेघ बघा, हे हाड. मी सगळ्या बाजूंनी पाहिलं. कुठेही खड्डा नाही. वेळेवर आलात. औषध मन लावून घ्या, दर थोड्या दिवसांनी मी बघत जाईन. एवढ्यात कात्री खाली ठेवायचं कारण मला तरी दिसत नाही.’’

‘‘डॉक्टर,’’ कात्री नाक पुसत म्हणाली, ‘‘तुमचे केस जन्मभर मी कापणार. आणि तुम्ही हातात पाकीट घेतलंत, तर माझ्यासारखी वाईट कुणी नाही.’’

डॉक्टरबाईंनी मानेवरची गाठ चाचपली. ‘‘इतके वाईट दिसतायत?’’

‘‘खरं सांगू?’’

‘‘नको.’’

जेली पुसून होत होती, तोच सासूबाई उठल्या. पदराआड लपवावा तसा एक हात दुसऱ्या हातात धरून त्या टेबलाशी आल्या. ‘‘मी म्हटलं, यंत्र चालूच आहे, तर...’’ पुढचं त्यांनी हात टेबलावर ठेवूनच सांगितलं.

‘‘बसा ना, आजी,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या आणि बाहेरच्या रांगेकडे न बघता पुन्हा जेली हातात घेतली.

बोटांच्या सांध्यांत ती पांढरी रेघ धड नव्हती. जागोजाग कुरतडलेली, मधेच तुटलेली. कात्रीलाही एव्हाना एवढं वाचता येत होतं. डॉक्टरबाईंनी एकेक सांधा बघितला. ‘‘हाडांचं जायचं ते गेलंय, आजी. तुम्हाला खोटं कशाला सांगू? तुमच्या वेळी कुणी असं बघतच नव्हतं.’’ मग त्यांनी यंत्र मनगटावर नेलं, तसंच तरंगतं ठेवलं आणि थांबल्या. मनगटात लाल ठिणग्या लुकलुकत होत्या.

‘‘इथे अजून चालूच आहे की,’’ डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. ‘‘दुखत असेल ना?’’

आता त्या ‘हात म्हटले की दुखायचेच’ म्हणणार, असं कात्रीला वाटलं.

‘‘दुखतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘खूप दुखतं.’’

लग्न होऊन आल्यापासून हा शब्द कात्रीनं त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. ‘‘आई! मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?’’

‘‘बोलले होते गं. सुरुवातीला. सगळे म्हणाले, काही नाही. मग मीही तेच म्हणायला लागले.’’ त्या पडद्यावरून नजर न काढता बोलत होत्या. ‘‘तुलाही तेच म्हटलं.’’

कात्रीनं खुर्ची ओढली आणि सासूबाईंच्या खांद्याला खांदा लावून बसली.

‘‘यावरही औषध आहे, आजी,’’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘‘गेलेलं हाड येणार नाही, पण हे दुखणं कमी करता येईल. सुनेबरोबरच जा तुम्ही डॉक्टरांकडे.’’ त्यांनी यंत्र उचलायला घेतलं.

‘‘राहू दे की जरा,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘बघू दे मला.’’

डॉक्टरबाईंनी करंगळी पुन्हा टेबलावर टेकवली.